मुक्ताची खुर्ची आणि खालची जमीन

माझ्या हातून आजवर जी काही वाट लागली, ती सगळी 'एवढं काय, मीच करतो' या वाक्यानं सुरू झाली. टाकीचा बॉल मीच बसवला आणि शेजाऱ्यांच्या अंगणात तीन दिवस पाणी वाहिलं. लग्नाचा फोटो मीच टांगला, तो यमुनाच्या मावशीच्या खांद्यावर उतरला. तेव्हापासून हे वाक्य कानावर पडलं की यमुना आधी गॅस बंद करते. (यमुना म्हणजे माझी बायको. चौतीस वर्षं झाली, फोटो अजून कपाटामागेच आहे.)

तर मंगळवारी मुक्ताची उंच खुर्ची खोक्यातून आली आणि मी म्हणालो, ''मिस्त्री कशाला? एवढं काय, मीच करतो.''

यमुनानं गॅस बंद केला.

मी सूर्यकांत. तलासरीत घर, डहाणूत एका सरकारी ऑफिसात क्लार्क, निवृत्तीला दीड वर्ष. कुणाकडे टपालाचं टेबल असतं, कुणाकडे आस्थापनेचं. माझ्याकडे भूकंपाचं आहे. आमच्या भागात जमीन अधूनमधून थरथरते. बाहेरच्यांना ते पेपरात वाचून कळतं, आम्हाला मांडणीवरच्या डब्यांवरून कळतं. कुठल्या तरी पाड्यावरून फोन येतो, मी तारीख, वेळ आणि गाव लिहितो आणि पुढच्या रकान्यात 'धक्का किरकोळ, नुकसान निरंक' असं लिहून टाकतो. निरंक म्हणजे काही नाही. हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय, की 'भाजीत मीठ कसं झालंय' असं यमुनानं विचारलं तरी तोंडातून निरंकच जातं.

मुक्ता आमची नात, दहा महिन्यांची. आमची एकुलती एक मुलगी स्वप्ना बोईसरला बँकेत होती आणि जावई गौरवराव तारापूरकडे एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. मुक्ता सहा महिन्यांची असल्यापासून आमच्याकडेच राहत होती. स्वप्ना शनिवारी यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. मधल्या पाच दिवसांच्या आजोबापणावर मी जगत होतो म्हटलं तरी चालेल. मी मूळचा उदास माणूस. ऑफिसात मला वाढदिवसाच्या केकला बोलावत नाहीत, वातावरण बिघडतं म्हणून. पण संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आलो की ही मुलगी दोन्ही हात वर करायची. मला बघून हात वर करणारं याआधी कुणी भेटलं नव्हतं.

आणि आता गौरवरावांची बदली भरुचला झाली होती. स्वप्नानंही बदली मागून घेतली होती. प्रश्न एकच राहिला होता. मुक्तानं त्यांच्याबरोबर जाऊन पाळणाघरात राहायचं, की दीड वर्षाची होईपर्यंत आमच्याकडे?

''बाबा, मला काही प्रॉब्लेम नाही,'' गौरवराव फोनवर म्हणाले. ''पण तिकडे जमीन हलते.''

''हलायची,'' मी म्हणालो. ''आता नाही हलत.'' (हे मी सोमवारी बोललो. त्या दिवशी माझ्या रजिस्टरला दोन नोंदी होत्या.)

''ठीक आहे. मी हाय चेअर पाठवलीय. माहितीपत्रक वाचून नीट अ‍ॅडजस्ट करा. रविवारी येऊन बघतो, मग ठरवू.''

म्हणजे माझी नात माझ्याकडे राहणार की नाही, हे एका खुर्चीवर येऊन थांबलं होतं.

मी माहितीपत्रक वाचायला घेतलं. इंग्रजीत होतं, म्हणून आधी त्याचं ऑफिसच्या मराठीत भाषांतर केलं. त्याशिवाय मला काही कळत नाही. 'बालकाचे उदर व ताटली यांमध्ये एक मूठ अंतर असावे.' 'कमरेचा पट्टा व बालक यांमध्ये दोन बोटे जावीत, अधिक नव्हे.' यावर यमुनाशी वाद झाला. माझी दोन बोटं म्हणजे तिची तीन. कुणाची बोटं, हे पत्रकात नव्हतं. शेवटी तिचं एक आणि माझं एक, अशी तडजोड झाली.

खुर्चीला चार पाय, प्रत्येक पायाला सहा भोकं. बटण दाबायचं आणि पाय हव्या त्या भोकाला अडकवायचा. मी चारही पाय चौथ्या भोकाला लावले. मुक्ताला बसवलं, पट्टा लावला, ताटली सरकवली. सगळं अगदी बरोबर बसलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण माझ्या हातून पहिल्या फटक्यात काही बरोबर बसत नाही.

खोट काढली ती हिरीनं. हिरी आमच्याकडे भांड्यांना येते. पलीकडच्या पाड्यावर राहते आणि चार नातवंडं वाढवून बसलीय. ती दारात उभी राहून खुर्चीकडे बघत म्हणाली, ''पोरीचे पाय लोंबतात नं, भाऊ. पायाला टेकू नाय तं पोर खाईल कशी? तुम्ही बसा पाय लोंबवून आन् जेवून दाखवा.''

मी ओट्यावर बसून जेवून पाहिलं. बाई खरं बोलत होती, दुसऱ्या घासाला कंबर आखडली. मग देव्हाऱ्यासमोरचा लहान पाट घेऊन मी खुर्चीच्या दांडीला सुतळीनं बांधला. मुक्तानं त्यावर दोन्ही पाय टेकले आणि तिचा चेहरा एकदम निवांत झाला.

''आता बेस,'' हिरी म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता मुक्ता खुर्चीत होती. यमुना तिला चिकू कुस्करून भरवत होती, म्हणजे भरवायचा प्रयत्न करत होती. जेवायच्या बाबतीत ही मुलगी फार हट्टी. तोंड एकदा मिटलं की मिटलं. तेवढ्यात ताटलीवरची वाटी खुळखुळली. खुर्ची थरथरली, दोन-तीन सेकंदच, आणि थांबली. मांडणीवरचे डबेही वाजल्यासारखे वाटले, पण माझं सगळं लक्ष खुर्चीवर होतं.

''उजवा मागचा पाय लांब झालाय,'' मी म्हणालो.

यमुनानं माझ्याकडे पाहिलं. मग चमच्याकडे पाहिलं. ''असेल,'' ती म्हणाली.

आतून हिरीचा आवाज आला, ''भाऊ, खुर्ची नाय हालत. भुई हालते.''

''भुई हलली असती तर मला ऑफिसातून फोन आला असता,'' मी म्हणालो. हे मी अगदी मनापासून बोललो. ज्या भूकंपाची नोंद माझ्याकडे नाही तो झालाच कसा, असं मला खरोखर वाटलं. (हायवेवरून एखादा ट्रेलर गेला असेल, अशीही मी स्वतःची समजूत घातली. ट्रेलर रोजच जातात, वाटी रोज खुळखुळत नाही, इकडे मी लक्ष दिलं नाही.) मी उजवा मागचा पाय तिसऱ्या भोकाला नेला.

आता ती खुर्ची खरोखरच डुगडुगायला लागली.

गुरुवारी परत तेच झालं. वाटी खुळखुळली, मी डावा पुढचा पाय तिसऱ्यावर आणला. शनिवारी दुपारी पाण्याच्या पिंपात वर्तुळं उठली. मी पिंपाकडे पाठ केली आणि उजवा पुढचा दुसऱ्यावर नेला. शेवटी चार पायांचा हिशेब चार, तीन, तीन, दोन असा झाला आणि मागच्या पायाखाली लग्नपत्रिकेची घडी आली. खुर्ची डुलायला लागली. मी मागून धरून उभा राहायचो आणि यमुना भरवायची.

एक गोष्ट मात्र यमुनाच्या ध्यानात आली. खुर्ची डुलली की मुक्ता हसायची आणि हसताना तोंड उघडायची. तोंड उघडलं की घास आत. चार महिने जे आम्हाला जमलं नव्हतं ते जमलं. आख्खा चिकू संपला. वाटीभर नाचणीचं सत्त्व गेलं. यमुना पायाच्या अंगठ्यानं खुर्ची हलवायची आणि भरवायची. आम्ही दोघं इतके आनंदात होतो, की नक्की कशामुळे हलतंय हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

स्वप्नाला बँकेत काम होतं म्हणून त्या आठवड्यात ती शनिवारऐवजी रविवारी गौरवरावांबरोबरच आली. गौरवराव माणूस चांगला. पण कुठल्याही घरात शिरले की आधी बाहेर पडायचा रस्ता कुठं आहे ते बघतात. त्यांनी खुर्ची पाहिली, पाटाची सुतळी पाहिली, लग्नपत्रिका उचलून वाचली आणि खाली वाकून भोकं मोजली.

''चार, तीन, तीन, दोन,'' ते म्हणाले. ''बाबा, हे कुणी केलं?''

''मीच.''

''का?''

आता खरं सांगायचं तर जमीन हलते म्हणावं लागणार होतं. खोटं सांगायचं तर मी गाढव आहे म्हणावं लागणार होतं. मी फार वेळ घेतला नाही. ''मला ही कामं जमत नाहीत,'' मी म्हणालो. ''लहानपणापासूनच.''

यमुनानं मान डोलावली. एरवी तिचं असं मान डोलावणं माझ्या मनाला लागतं, त्या दिवशी आधार वाटला.

गौरवरावांनी चारही पाय पुन्हा चौथ्या भोकाला लावले. मोबाइल काढून ताटलीवर ठेवला. त्यात म्हणे सपाटी बघायचं अ‍ॅप असतं. ''झीरो डिग्री,'' ते म्हणाले. ''परफेक्ट. बघा, काही प्रॉब्लेमच नव्हता.''

आणि नेमकं तेव्हाच वाटी खुळखुळली.

मोबाइल ताटलीवर बोटभर सरकला. डबे वाजले. स्वप्ना पाण्याचा पेला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. हिरीनं पुढं होऊन तोंड उघडलं, तोच यमुनानं तिच्या हातात कपबशी दिली. ''हिरी, तू आधी चहा घे.''

मी गौरवरावांकडे बघत होतो. ते खुर्चीकडे बघत होते. भूकंप म्हणजे भोंगा वाजतो आणि लोक रांगेनं मैदानात जमतात, अशी त्यांची कारखान्यातली समजूत असावी.

''हं,'' ते म्हणाले. ''उजव्या मागच्या पायात प्ले आहे. ढिला बसतोय.''

सांगायला लाज वाटते, पण मला रडू यायचंच बाकी होतं. सेफ्टी ऑफिसर गुडघ्यांवर बसला होता आणि माझ्यासारखाच उजवा मागचा पाय तिसऱ्या भोकाला नेत होता. पुढची वीस मिनिटं ते लढले. शेवटी उठले, हात पुसले आणि म्हणाले, ''पीसच डिफेक्टिव्ह आहे. तुमची काही चूक नाही, बाबा. मुक्ता राहू दे इथं. मी दुसरी खुर्ची पाठवतो.''

मी जिंकलो होतो. यमुना शिऱ्याला रवा भाजायला गेली. मी मुक्ताला उचलून खिडकीशी नेलं आणि हायवेवरचे ट्रेलर दाखवले. बऱ्याच वर्षांनी मला बरं वाटत होतं.

चार वाजता स्वप्ना मला आतल्या खोलीत घेऊन गेली. पलंगावर मुक्ताचे कपडे होते. ती एकेक घडी करून बॅगेत ठेवत होती.

''बॅग कशाला?'' मी विचारलं. ''गौरवराव तर म्हणाले...''

''गौरव नाशिकचा आहे, बाबा. मी इथली आहे. कॉलेजला असताना धक्क्यांच्या भीतीनं अंगणातल्या तंबूत तुमच्या शेजारीच झोपायचे ना मी? मला कळणार नाही का?'' ती माझ्याकडे न बघता बोलत होती. ''तुम्हाला कळलं नाही, की कळून घेतलं नाही?''

''ऑफिसातून फोन आला नव्हता,'' मी म्हणालो.

ती हसली नाही. ''तुम्ही तिला त्या खुर्चीत पट्ट्यानं बांधून बसवत होतात. दोन बोटं, एक मूठ, सगळं मोजलंत. पळायची वेळ आली असती तर तो पट्टा सुटायला किती वेळ लागतो, ते मोजलं होतंत?''

मोजलं नव्हतं. मी उभ्या जागी मनात मोजायला लागलो. बटण कडक आहे. माझी बोटं जाड आहेत. आधी ताटली काढायची, मग पट्टा, मग पाटात अडकलेला पाय. दहापर्यंत आलो आणि पुढं मोजवेना. माझ्या रजिस्टरमधले सगळे धक्के दोन-चार सेकंदांचे असतात.

''गौरवला मी भूकंपाचं सांगणार नाही,'' स्वप्ना म्हणाली. ''मलाच राहवत नाही म्हणून नेते, असं सांगेन. तुम्हीही काही बोलू नका.'' मग तिनं एक झबलं घडी केलं, मोडलं, परत घडी केलं. ''तुम्हीपण या ना तिकडे. रिटायर झाल्यावर.''

दीड वर्षानं. तोवर मुक्ता बोलायला लागलेली असणार आणि मी कोण, हे तिला कुणीतरी सांगावं लागणार.

ते गेले. गाडीच्या काचेतून मुक्तानं दोन्ही हात वर केले. मला बघून केले की समोरच्या ट्रेलरला बघून, ते मला ठरवता आलं नाही.

घरात खराब ठरलेली खुर्ची राहिली. संध्याकाळी सात वाजता आम्ही दोघं तिच्याकडे बघत जेवलो. भात उरला.

''मला बुधवारीच कळलं होतं,'' यमुना अचानक म्हणाली. ''डबे वाजले तेव्हाच. पण तुम्ही म्हणालात खुर्चीचा पाय लांब झालाय, तर मला बरं वाटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, तुमचंच बरोबर असू दे.''

 मी उठलो आणि चारही पाय चौथ्या भोकाला लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या आठवड्यातले चारही धक्के तारीख-वेळेसह लिहिले. गाव तलासरी. नुकसानीच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. शेवटी निरंकच लिहिलं, कारण दुसऱ्या कशाला तिथं जागा नव्हती.

बारा दिवसांनी भरुचहून व्हिडिओ कॉल आला. स्वप्नाचा चेहरा उतरला होता.

''बाबा, मुक्ता जेवत नाहीये.''

''अगं बाई, ताप आहे का?'' यमुना माझ्या खांद्यावरून फोनमध्ये शिरली.

''ताप नाही. नवी खुर्ची घेतली, चांगली दणकट आहे. पण तिच्यात बसली की तोंडच उघडत नाही. डॉक्टर झाले, पाळणाघरातल्या बाई झाल्या. एकच उपाय चालतो.'' तिनं फोन फिरवला. गौरवराव जमिनीवर मांडी घालून बसले होते, ऑफिसच्या कपड्यांत. दोन्ही हातांनी खुर्चीचा पाय धरून ते गदागदा हलवत होते. वर मुक्ता हसत होती आणि घास आत जात होता.

''मला सकाळी शिफ्ट असते, बाबा,'' ते हलवता हलवता म्हणाले. ''थांबलं की ही तोंड मिटते. दिवसातून तीन वेळा. त्या डिफेक्टिव्ह पीसमुळे सवय लागली.''

माझी छाती भरून आली. दहा महिन्यांचं पोर, पण आमच्या घराची आठवण धरून बसलंय. ''मी येतो,'' मी म्हणालो. ''उद्याच निघतो.''

तिकडे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ''खरंच याल?'' स्वप्नानं विचारलं. ''म्हणजे पाळणाघरवाल्या बाई हलवायचे वेगळे पैसे मागतायत.''

शिल्लक होती नव्हती तेवढी सगळी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, मी 'कौटुंबिक' असं लिहिलं. आता सोळा दिवस मी भरुचला आहे. यमुनाच्या गुडघ्यांना इथले तीन जिने झेपत नाहीत, म्हणून ती तलासरीतच आहे आणि रोज सातला फोन करून 'किती खाल्लं' विचारते. मी किती खाल्लं ते नव्हे.

या घरी मी भूकंप आहे. सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी सात. ताटलीखाली, दोन पायांच्या मधे, मी जमिनीवर बसतो आणि तीव्रता किरकोळ ठेवून पंचवीस मिनिटं चालतो. पट्टा सोडायचाही सराव केलाय. तीन सेकंदांत सुटतो. स्वप्नानं स्वतः घड्याळ लावून पाहिलं आणि माझ्यापुढं चहा ठेवला.

एकच दुःख आहे. खाली बसल्यामुळे मुक्ताला मी दिसत नाही. ती हसते ती खुर्चीला. काल संध्याकाळी मला राहवलं नाही. मध्येच हात थांबवला आणि वाट पाहिली. वरचं हसू थांबलं. मग ताटलीच्या कडेवरून एक कपाळ आलं, दोन डोळे आले आणि माझ्याकडे रोखून बघायला लागले. ओळखलं, मी मनात म्हणालो. ओळखलं हिनं आजोबांना. माझे डोळे भरून आले. तिनं दोन्ही हात वर करायची वाट बघत मी मान उंच केली.

तिनं दोन्ही पाय माझ्या टकलावर टेकवले, नीट जागा करून घेतली आणि उजव्या टाचेनं एक टोला दिला.

मी पुन्हा हलवायला लागलो. या नव्या खुर्चीला पाय टेकायला काही नव्हतं, हे माझ्या इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं.